झाडून लख्ख केलेलं रान

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे आणि मला स्वच्छतेची किळस येते. नाकं मुरडू नका, आधी ऐकून घ्या.

जपानातल्या शिकोकू बेटाच्या डोंगरात हिनोकीच्या झाडांचं रान आहे, माणसांनी ओळीत लावलेलं. त्यात चार खुंट्यांवर मला झोळीसारखं बांधलं आहे. वरून पडेल ते झेलायचं, एवढंच माझं काम. सुकलेली पानं, काटक्या, पाखरांची शीट, मेलेले किडे, सगळं माझ्या पोटात. दर महिन्याला मिचिरूबाई येतात, माझं पोट रिकामं करतात आणि त्याचं वजन करतात. रान मातीला किती परत देतं, यावर त्यांचं संशोधन चालू आहे. त्यांच्या गुरूंनी मला बांधलं तेव्हा त्या विद्यार्थिनी होत्या. आता केस पिकले, पण त्यांचा एकही महिना चुकलेला नव्हता.

गेल्या शरदात मोठं वादळ झालं. हिरव्या डहाळ्यासुद्धा तुटून पडल्या. इतकं मी जन्मात झेललं नव्हतं. बाई कधी येतात आणि बघतात, असं मला झालं होतं.

त्यांच्याआधी आले हिराओका, खालच्या वाडीचे प्रमुख. रान बघायला शहरातून पाहुणे येणार होते. म्हणून गळ्यात टॉवेल, हातात दाताळी आणि मागे अख्खी वाडी.

"बाप रे, काय हा पसारा!" ते ओरडले. "पाहुणे म्हणतील, या गावानं कधी झाडू बघितलाच नाही!"

"जाळीतलं पण काढायचं का हो?" एका आजींनी विचारलं.

"काढा की! बिचाऱ्या मिचिरू सेन्सेई एकट्या किती करणार? तेवढाच हातभार."

त्यांनी जमीन खरवडून काढली. 'हात लावू नका' ही पाटी ओल्या फडक्यानं पुसून सरळ केली. मला ओढ्यावर नेऊन साबणानं धुतलं. वासाचा साबण, शी! माझ्या पोटातलं सगळं वादळ त्यांनी ओढ्याकाठी पेटवलं आणि त्यात रताळी भाजली.

तेवढ्यात मिचिरूबाई आल्या. रिकामी जाळी बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"या सेन्सेई, गरम आहे तोवर घ्या!" हिराओकांनी रताळं पुढे केलं. "तुमचं काम आम्हीच उरकून टाकलं!"

बाईंनी दोन्ही हातांनी ते घेतलं, कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, "फार उपकार झाले." मला त्या वाकण्याचीही किळस आली.

पाहुणे आले, "अगदी बागेसारखं!" म्हणाले आणि गेले. मग पाऊस आला आणि उघडी पडलेली माती ओढ्यात घेऊन गेला.

त्या दिवशी बाईंना गाडीत बसून रडताना आजींनी पाहिलं होतं. त्यांनी ते हिराओकांना सांगितलं. पुढच्या महिन्यात बाई आल्या, तर हिराओका पोतं घेऊन हजर. त्यांनी ते सरळ माझ्यात ओतलं. चेरीची पानं! हिनोकीच्या रानात चेरी!

"भरपाई, सेन्सेई. आमच्या अंगणातली आहेत. एकेक पान धुऊन वाळवलंय."

या वेळी बाई वाकल्या नाहीत.

"हिराओकासान, ते वादळ आता कुणालाच मोजता येणार नाही. तो महिना मी कोराच ठेवणार आहे. हात जोडते, आता काही करू नका."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. पडलेलं पडून राहू द्या."

हिराओकांनी पोतं पुन्हा उघडलं. मग स्वतःच्या हातांनी चेरीचं पान न् पान त्यांनी परत पोत्यात भरलं.

अजूनही ते रोज सकाळी येतात. काल त्यांच्या बुटापुढे एक तपकिरी डहाळी पडली. ते वाकले. बोटं वळवळली. मग ते सरळ झाले आणि तिला ओलांडून गेले.

"शी!" ते पुटपुटले. पहिल्यांदाच मला त्यांची माया वाटली.

मित्रांनो, रानात आलात की तुम्हालाही किळस येईल. येऊ द्या. हात मात्र पाठीमागे ठेवा.