माझ्या पाठीवरचं साल

मी टायमिंग बेल्ट बोलतोय. इंजिनाच्या एका अंगाला, काळ्या झाकणाआड राहणारा दातेरी रबरी पट्टा. खालचं चाक फिरलं की वरचं चाक त्याच तालात फिरवायचं, एवढंच माझं काम. पण मी तुटलो तर चालत्या गाडीचं इंजिन जागच्या जागी मरतं. मग ती सपाट रस्त्यावर असो की दरीच्या काठावर.

नऊ वर्षं मी थोरल्या काकांच्या गाडीत राबलो. काका म्हणजे शिस्तीचं दुसरं नाव; हे तेच सगळ्यांना सांगायचे. दर सुट्टीला गाडीला पॉलिश. माझं झाकण मात्र एकदाही उघडलं नाही. वरून तेल झिरपायचं, मी फुगत होतो, मला चिरा पडत होत्या आणि बाहेर काकांचं वक्तशीरपणावर व्याख्यान चाललेलं असायचं.

मग गाडी त्यांनी धाकट्या भावाला विकली. हा धाकटा पन्नाशीचा, तरी दादांसमोर अजून खुर्चीच्या कडेवर टेकतो. त्याने बॉनेटही उघडलं नाही. दादांची गाडी तपासायची म्हणजे दादांनाच तपासायचं की!

दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन तो घाटापलीकडच्या इस्पितळात निघणार होता. तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. आदल्या दुपारी लेक पाना घेऊन आली. कॉलेज मध्येच सोडून तिने गॅरेज धरलं, म्हणून काकांनी तिचं नाव ‘अर्धवट’ ठेवलेलं.

“बाबा, बेल्ट बघते.”

“अगं, दादांनी गेल्या वर्षीच बदललाय. झाकणावर स्टिकर आहे बघ.”

बेल्ट बदलला की मेकॅनिक तारीख लिहून असा स्टिकर लावतो. लेक वाकली आणि तशीच थबकली.

“हे अक्षर कुठल्या मेकॅनिकचं, बाबा? हा लांब शेपटीचा सात बघा. मी कॉलेज सोडल्यावर उपदेशाची जी पत्रं आली, त्यांत हाच सात होता.”

“मोठ्यांवर संशय घ्यायला शिकवतात का गॅरेजात?”

“हो. पहिला धडाच तो.”

झाकण निघालं. नऊ वर्षांनी मला उजेड दिसला. तिने अंगठ्याने मला दाबलं, तर माझा एक दात तिच्या तळहातावर गळून पडला. फडक्याने माझी पाठ पुसली. कारखान्यात छापलेलं साल पुसट, पण शाबूत होतं. नऊ वर्षांपूर्वीचं.

मीही हादरलो. इतकी वर्षं वाटायचं, काका मला विसरले. विसरलेला माणूस स्टिकर लिहीत नाही.

बापाने फोन लावला. स्पीकर चालू करून स्टिकरचं विचारलं.

“अरे, बेल्ट आत असतो, दिसतो का कुणाला?” काका म्हणाले. “स्टिकर नसला की गिऱ्हाईक नाक मुरडतं. गाडी तुला द्यायची हे तेव्हा कुठे ठरलं होतं?”

“मग मला देताना तरी सांगायचं, दादा.”

“तू थोडाच उघडून बघणार होतास!”

बाप पायरीवर बसला. “उद्या हिला घेऊन घाट चढणार होतो,” एवढंच पुटपुटला. त्याच्या हातातली किल्ली लेकीने हळूच काढून घेतली.

ते टॅक्सीने गेले. आई बरी होऊन आली. गाडीत लेकीने नवा बेल्ट घातला आणि मला बापाने स्वतःच्या हाताने बैठकीच्या खोलीत खिळ्याला टांगलं.

परवा काका भावजयीला भेटायला आले.

“हे काय घाणेरडं लटकवलंय?”

बाप खुर्चीत पूर्ण टेकून बसला होता. म्हणाला, “दादा, त्याच्या पाठीवर काय लिहिलंय तेवढं वाचा.”

काकांनी खिसे चाचपले. “चष्मा घरी राहिला रे.”

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशातच होता. खिळ्यावरून मला स्वच्छ दिसत होता.

माझं आयुष्य संपलं. तुमचं चालू आहे. गाडी कुणाचीही असो, विकणाऱ्याच्या पाया पडायचं तर खुशाल पडा. पण उठल्यावर चष्मा लावा आणि झाकण उघडा.