गुंड देऊन आणलेलं इंजन

"माहा गुंड कुठी हाये?" देवकाबाईनं स्वयंपाकघरातूनच आवाज दिला.

बंडूजी ओसरीवर एका लोखंडी धुडापाशी उकिडवा बसला होता. धुडाला दोन चाकं होती, मागं धरायला दांडा होता, खाली पात्यांचा एक गोल रूळ अन् वर गंजून लाल झालेलं लहानसं इंजन. बंडूजीच्या डाव्या हातात फडकं होतं. उजवा हात नेहमीसारखा मांडीवर पडून होता.

देवकाबाई बाहेर आली. "मी तुमालेच इचारून राह्यली जी. पान्याचा तांब्याचा गुंड. माह्या मायनं देल्लेला."

"वर्ध्याले हाये," बंडूजी फडक्याकडं पाहत म्हणाला. "भंगारवाल्यापाशी. त्याच्या बदल्यात हे आनलं."

"हे म्हंजे काय?"

"गवत कापाची मशीन. एका बंगल्यातली हाये. चालू झाली ना, त आपले सारे धुरे एका दिवसात साफ."

"चालू झाली त! म्हंजे बंद हाये." देवकाबाईनं कमरेवर हात ठेवले. "बंद मशीनीसाठी चालता गुंड देल्ला. लय अक्कल लावली तुमी."

दोन वर्षांपूर्वी बंडूजीची बैलबंडी नाल्यात उलटली अन् त्याचा खांदा निखळला. गावातल्याच एकानं ओढून-ताणून तो बसवला, तो वाकडाच बसला. तेव्हापासून उजवा हात छातीच्या वर जाईना. विळा धरता येईना, वखर धरता येईना. धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, गवत देवकाबाई कापायची, भारा तीच आणायची, अन् संध्याकाळी कडबा बारीक करायच्या कुट्टी मशीनीचं मोठं चाकही तीच फिरवायची. बंडूजी घास सरकवायचा तेवढा.

अल्लीपूरच्या बसस्टँडवर बी-बियाण्याचं दुकान घालून बसलेल्या ओमप्रकाशला एवढंच पुरायचं. बंडूजी दिसला की तो गिऱ्हाईक सोडून ओरडायचा, "काय बंडूजी, आज भाजी कायची केली?" बाकावरचे रिकामे लोक हसायचे. बंडूजीही हसायचा. त्याचं ते हसणं देवकाबाईला ओमप्रकाशच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबायचं. ती स्वतः नवऱ्याला घरात काय वाटेल ते बोलायची, पण ते घरात.

दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर पसारा सुरू झाला. बंडूजीनं प्लग काढला, इंजनाच्या अंगाला टेकवला अन् दोरी ओढली. ठिणगी नाही. इंजनाच्या बाजूचं जड चाक काढलं तर त्याच्या खालचे, ठिणगी पाडणारे पॉइंट गंजून एकमेकांना चिकटलेले. त्यानं ते पॉलिश पेपरनं घासले. मग बारीक निळी ठिणगी पडली, तेव्हा त्याला काय आनंद झाला!

"पाह्य वं! पडली, पडली!"

"माह्या चुलीत तिच्याहून मोठी पडते," देवकाबाई म्हणाली अन् शेण घेऊन गोठ्यात गेली.

ठिणगी पडली तरी इंजन घेईना. कारबोरेटर उघडला तर आत जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला. त्याचं बारीक भोक बंडूजीनं फडा झाडूच्या काडीनं मोकळं केलं. तरी इंजन दोनदा खोकलं अन् बसलं. मग त्यानं इंजनाचं डोकं उघडलं. पिस्टनवर काजळीचा थर, अन् पिस्टनच्या रिंगा त्या काजळीत रुतून बसलेल्या. साराच दम बाजूनं निघून जात होता. रिंगा सोडवायला त्यानं देवकाबाईच्या भाकरीच्या परातीत रॉकेल ओतलं.

"आता परातबी गेली," ती शेजारच्या अनुसयाबाईला कुंपणावरून सांगत होती. "उद्या मलेच खोलून ठेवतीन त्या परातीत. काय बिघडलं थे पाह्यतीन."

"माहा भाऊ म्हनते का हे भंगार हाये, भंगारातच जाईन," अनुसयाबाई म्हणाली.

"तुह्या भावानं घराचा नळ त दुरुस्त केला काय?" देवकाबाईनं विचारलं. अनुसयाबाई आत गेली.

वर्ध्याहून जोडात घालायचा गास्किटाचा कागद आणून बंडूजीनं मापानं कापला, इंजनाचं डोकं बसवलं. आता दोरीला चांगला जोर लागत होता, म्हणजे दम भरत होता. त्यानं डाव्या हातानं दोरी ओढली. इंजन फाडकन उलटं फिरलं अन् दोरीनं त्याला असा हिसका दिला की तो ओसरीवरून खाली अंगणात पडला. देवकाबाई धावली. चांगल्या हाताची बोटं सोलून निघाली होती.

"हाये थो एकच हात हाये तुमाले!" ती ओरडली. "थोबी देऊन टाका त्या भंगारवाल्याले!"

मग तिनंच बोटांना हळद लावली. बंडूजी खाली मान घालून म्हणाला, "सारं बराबर हाये वं. काऊन उलटं मारते, काई समजत नाई."

संध्याकाळी तो एका हातानं इंजनाच्या जड चाकाचा नट कसायला गेला अन् चाकच त्याच्यासोबत फिरायला लागलं, तेव्हा ती चिडून खाली बसली. "सरका. धरते मी." तिनं दोन्ही हातांनी चाक आवळून धरलं. "अवो, हे त हालून राह्यलं. दांडी जागच्या जागी हाये अन् चाक सरकते."

बंडूजीनं चाक काढलं. चाक जागेवर पक्कं राहावं म्हणून त्याच्या खाचेत नखाएवढी लोखंडी चावी असते. ती अर्धी कापली गेली होती. चाक सरकलं की ठिणगी भलत्याच वेळी पडणार. त्यानं सायकलीची एक जुनी पिन घेतली अन् दोन दिवस कानस मारून तिची नवी चावी केली. देवकाबाई पिन पकडीनं धरून बसली. बसली अन् बडबडत राहिली.

सगळं जुळलं. पण दोरी? सोललेल्या बोटांच्या डाव्या हातानं तिला हिसका देववत नव्हता, अन् उजवा तर वर उठतच नव्हता. बंडूजी मशीनीपुढं उभा राहिला, नुसताच.

"हात चालत नाई म्हनून मशीन आनली," देवकाबाई म्हणाली, "अन् मशीनीले हातच पाह्यजे. व्वा!" तिनं पदर खोचला, पाय रोवला अन् दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला इंजन भडभडलं. सारी ओसरी हालली. कोंबड्या कुंपणावर चढल्या. बंडूजीच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराचं असेल.

सकाळी मशीन धुऱ्यावर नेली तेव्हा अर्धं गाव मागं होतं. पोळा होऊन गेलेला, काळी जमीन वाफसलेली, धुऱ्यावर गवत गुडघ्याच्या वर. देवकाबाईनं दोरी ओढली, बंडूजीनं मशीन गवतात घातली. हातभर गेली असेल नसेल, गवत पात्यांच्या रुळाला गुंडाळलं अन् इंजन घुसमटून बंद. काढलं, सुरू केलं, परत तेच. ती मशीन बंगल्यातल्या बोटभर गवताची होती.

"बंडूजी!" ओमप्रकाश पोट धरून हसत होता. "आता याच्यानं दाढी कर गा. तेवढी होईन!"

लोक खदखदले. बंडूजी हसायला लागला, ते त्याचं नेहमीचं हसणं. देवकाबाई गर्रकन वळली.

"ओमप्रकाशभाऊ, तुमच्या दुकानातलं बियानं उगवत नाई, अन् माह्या नवऱ्याची मशीन उगवलेलं कापत नाई. सारखंच झालं. पन त्यायनं कोनाच्या गळ्यात त नाई बांधली!"

आता लोक ओमप्रकाशला हसले. त्यातल्या कितीतरी जणांचं सोयाबीन यंदा त्याच्याच बियाण्यानं बुडवलं होतं.

संध्याकाळी ती कुट्टी मशीनीचं चाक फिरवत राहिली. घामानं पाठ भिजली. बंडूजी कडब्याचा घास सरकवत होता. एकाएकी तो थांबला. चाकाकडं पाहिलं, मग ओसरीवरच्या इंजनाकडं पाहिलं.

"थांबले काऊन? सरकवा ना," ती म्हणाली.

"उद्या नको फिरवजो," तो म्हणाला.

सकाळी त्यानं इंजन सोडवलं, बाभळीच्या ओंडक्यावर बोल्टांनी आवळलं अन् पीठगिरणीचा जुना पट्टा त्याच्या पुलीवरून कुट्टी मशीनीच्या मोठ्या चाकावर चढवला. पट्टा दोनदा निसटला. त्यानं ओंडका वीतभर मागं सरकवून घेतला. देवकाबाई भिंतीला टेकून पाहत होती अन् तोंड चालूच होतं. "आता कुट्टीबी बिघडवा, म्हंजे माह्या हाताले काई कामच नाई उरनार."

"ओढ," बंडूजी म्हणाला.

तिनं ओढली. इंजन धडधडलं, पट्टा ताणला अन् ते मोठं चाक आपल्याआप फिरायला लागलं. बंडूजीनं डाव्या हातानं घास सरकवला. पलीकडून कुट्टीचा फवारा उडाला. देवकाबाई आपल्या रिकाम्या हातांकडं पाहत उभी राहिली. मग मुकाट्यानं टोपलं घेऊन कुट्टी भरायला बसली.

तेवढ्यात ओमप्रकाश रस्त्यावरून जात होता. कुंपणापाशी थांबला अन् हसून काहीतरी बोलला. त्याचे ओठ हालताना दिसले. अक्षरही ऐकू आलं नाही. तो जवळ आला, हातवारे करून ओरडला. देवकाबाईनं कानाला हात लावला, मान हालवली.

मग ती नवऱ्याकडं वळली अन् सारा जीव एकवटून ओरडली, "वाढवा जी अजून!"

बंडूजीनं अंगठ्यानं इंजनाचा वेग वाढवायची काडी पुढं सरकवली.