पिवळी छत्री आणि हरवलेले पेल्टिए

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी छत्री आहे, पण पावसाशी माझा संबंध तसा कमीच आला. माझे काम होते उंच राहणे. गर्दीत किंवा बोटींच्या धक्क्यावर मी लांबून दिसले पाहिजे, एवढ्याचसाठी व्हर्ना झिंक नावाच्या बाईने हॅलिफॅक्सच्या एका दुकानातून मला निवडले. काळ्या छत्र्यांच्या रांगेत मी एकटीच अशी भडक होते. "ही लहान मुलांसाठी आहे," दुकानदार म्हणाला. "असू दे. मोठी माणसंच जास्त हरवतात," व्हर्ना म्हणाली.

आमच्या शहरात मोठमोठ्या परिषदा भरत. आलेली विद्वान मंडळी दिवसभर सभागृहात बसून राहत. त्यांच्यासोबत आलेले नवरे, बायका, वृद्ध आई-वडील आणि मुले यांना बसमधून फिरवून आणणे हे व्हर्नाचे काम. "हरवलात तर मला शोधू नका, छत्री शोधा," असे ती बसच्या दारातच बजावी. घरी गेल्यावर ती मला न्हाणीघरातल्या टबात उघडी ठेवून सुकवी. ओली असताना तिने मला कधी मिटले नाही.

लोक माझे कौतुक करत. कितीतरी घरांच्या फोटोंत मी आहे. तरी खरे सांगते, माझी काडी न् काडी कायम धास्तावलेली असे. उंचावरून मला सगळी डोकी दिसत, आणि त्यातले एखादे भलत्याच कोपऱ्यावर वळले तरी मला हाक मारता येत नसे.

त्या वर्षी हृदयरोगतज्ज्ञांची परिषद होती. सकाळी एक डॉक्टरबाई नवऱ्याला हाताशी धरून बसपाशी आल्या.

"हे माझे यजमान. अलीकडे जरा विसरायला लागलेत. लक्ष ठेवाल ना? माझं भाषण आहे हो, नाहीतर मीच..."

"निर्धास्त जा तुम्ही," व्हर्ना म्हणाली.

पाहुण्यांच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर, ज्यांच्यासोबत ते आले त्यांचेच आडनाव मोठ्या अक्षरांत छापायची तिथली पद्धत. खाली बारीक अक्षरांत ‘पाहुणे’. त्या गृहस्थांच्या बिल्ल्यावर ‘पेल्टिए’ होते. व्हर्ना दिवसभर त्यांना मिस्टर पेल्टिए म्हणत राहिली आणि ते हसून मान डोलावत राहिले.

दुपारी आम्ही दीपगृहापाशी पोचलो. तिथे पांढुरके खडक कोरडे असतात, पण पाण्यालगतचे काळे खडक निसरडे. शांत समुद्रातूनही अचानक लाट येते आणि माणूस ओढून नेते. व्हर्नाने हे सगळ्यांना दोनदा सांगितले.

"अगं, छत्री जरा खाली धर," बसचालक लॉइड ओरडला. "वरची विमानं बिचकतील!"

सगळे हसले. तेवढ्यात धुके आले. आधी दीपगृह दिसेनासे झाले, मग बस. व्हर्नाने मला उघडून उंच धरले. मला जेमतेम तिचाच हात दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी उंच होते आणि कुणाला दिसत नव्हते.

पाहुणे आवाजाच्या रोखाने चाचपडत गोळा झाले. व्हर्नाने मोजले. पुन्हा मोजले. दीपगृहाजवळच्या दुकानात सूप घ्यायला गेलेल्या एका आजीबाई धरूनही एक कमी होता.

"मिस्टर पेल्टिए!"

धुक्यात दीपगृहाचा भोंगा तेवढा वाजला.

"सूपच्या दुकानात बसला असेल," लॉइड म्हणाला आणि पळत जाऊन पाहून आला. ते तिथे नव्हते. त्याने पुढे काही थट्टा केली नाही.

"पेल्टिए! मिस्टर पेल्टिए!" व्हर्नाचा आवाज चिरकू लागला. माझी मूठ तिच्या घामाने ओली झाली. तिने पाऊल उचलले की मी हादरे, कारण छत्री हलली तर ती शोधणाऱ्याने कुठे जावे? ती दोन पावले पुढे जाई आणि परत जागेवर येई. खाली लाटा खडकावर आपटत होत्या. प्रत्येक आवाजासरशी ती डोळे मिटत होती.

एवढ्यात दुकानातून सूपचा पेला सांभाळत डोरीनबाई आल्या. एका डॉक्टरची आई, बसमध्ये त्या गृहस्थांच्या शेजारी बसलेली.

"कोणाला एवढ्या हाका मारताय?"

"तुमच्या शेजारच्यांना. मिस्टर पेल्टिए."

"पेल्टिए काय, पेल्टिए? ते त्याच्या बायकोचं नाव! माझ्यासुद्धा गळ्यात लेकाचं नाव लटकवलंय. उद्या मी बुडाले तर काय त्याला हाका माराल? त्या माणसाचं नाव ओटिस. बसमध्ये पेपरमिंटची गोळी देताना सांगितलं की त्यानं मला!"

व्हर्नाने एक श्वास घेतला.

"ओटिस!"

"हो! इथेच आहे!"

आवाज खालून आला, पाण्याच्या बाजूने.

"ओटिस, तिथेच बसा! लॉइड येतोय!"

लॉइड बसून सरकत सरकत खडकावरून उतरला आणि त्यांना दंडाला धरून वर घेऊन आला. बूट भिजलेले होते. काळ्या खडकावर दोन्ही पाय होते त्यांचे. त्यांनी काळजीने व्हर्नाकडे पाहिले.

"तो बिचारा पेल्टिए सापडला का? तुम्ही इतक्या हाका मारत होतात. म्हटलं, आपणही शोधू या."

कोणी हसले नाही. व्हर्नाची प्रत्येक हाक त्यांना एकेक पाऊल पाण्याकडे नेत होती.

संध्याकाळी तिने डॉक्टरबाईंना सगळे सांगितले. आणि पुढच्या सहलीपासून बसच्या दारात ती प्रत्येकाचा बिल्ला उलटा करून, जाड पेनाने त्याचे स्वतःचे नाव लिहू लागली.

वर्षे गेली. एका पावसाळी आठवड्यात व्हर्ना इस्पितळात होती, आणि तिची मुलगी ग्रेटा रोज मला डोक्यावर धरून तिथे जाई. मी कोपऱ्यात निथळत उभी असे. आत येणारे ‘पेशंट’ म्हणत, ‘खिडकीजवळच्या बाई’ म्हणत. ग्रेटा दर वेळी हळूच सांगे, "व्हर्ना. तिला व्हर्ना म्हणा, ती डोळे उघडते." व्हर्ना गेली त्या दिवशी मात्र ग्रेटाने मला तशीच ओली मिटून गाडीच्या डिकीत टाकले. तिचा दोष नाही. मी तिथे सबंध हिवाळा काढला. काड्या गंजल्या, कापडाला बुरशीचे डाग पडले.

मग एकदा ग्रेटाला मी सापडले. तिने मला टबात उघडायचा प्रयत्न केला. एक काडी अडली. तिने जोर केला नाही. काडीला तेलाचा थेंब लावला आणि टबाच्या कडेवर बसून राहिली. त्या महिन्यांत सगळे तिच्याशी ‘तुझी आई’ म्हणून बोलले होते, कागदांवर ‘मयत’ लिहिले होते. त्या रिकाम्या न्हाणीघरात ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "व्हर्ना."

थोड्या वेळाने काडी सरळ झाली.

मित्रांनो, छत्री ओली असेल तर तिला मिटू नका, आधी सुकू द्या. आणि कुणी तुमच्यासोबत निघाले, तर वाटेला लागण्याआधी त्याचे नाव विचारून घ्या. धुक्यात माझा रंग दिसत नाही.