निळं अस्तर

गिरजाच्या घरी शिवणाच्या चिंध्या कधी टाकल्या जात नसत. मुरबाडकडच्या म्हशापासून आत, डोंगराच्या अंगाला असलेल्या तिच्या गावात ब्लाउज शिवणारी ती एकटीच. दर लग्नसराईनंतर चिंध्यांचं मोठं गाठोडं जमे. त्यातून ती पायपुसणी करायची, भांडी उतरवायची फडकी करायची, उरलेलं गोधडीत घालायची. ओमकार गेल्यापासून मात्र गाठोडी तशीच माळ्यावर पडून होती.

ओमकार तिचा एकुलता एक मुलगा. वाशिंदला एका कंपनीत पॅकिंगला होता. सकाळी मोटरसायकलने आसनगावला जायचा, गाडी स्टेशनबाहेर लावायचा आणि पुढे लोकलने. दीड वर्षापूर्वी, भात झोडून झालं त्याच आठवड्यात, तो असाच निघाला आणि कंपनीत पोचलाच नाही. मोटरसायकल आसनगावला उभी सापडली. फोन घरीच चार्जिंगला लावलेला होता. घरात भांडण झालं नव्हतं. मुलीबिलीचं काही असलं तर ते मित्रांनाही ठाऊक नव्हतं. आदल्या दिवशी जेवताना त्याने वांग्याची भाजी नको म्हटलं होतं, एवढंच. गिरजा कितीतरी दिवस त्या वांग्याच्या भाजीपाशीच अडकून राहिली. नको म्हणाला तेव्हा आपण काय बोललो, कसं बोललो, हेच ती पुन्हा पुन्हा आठवायची.

शोधायला सगळा गाव उतरला. पोरं रान धुंडाळून आली, बंधाऱ्यात बुड्या मारून आली. गिरजाचा नवरा धाऊ पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून बसून तिथल्या शिपायांच्या ओळखीचा झाला. आसनगावच्या स्टँडवरचा रघू रिक्षावाला ना नात्याचा ना गावचा. पण मोटरसायकल सापडली तेव्हा तो तिथे होता, आणि त्यानंतर त्याने गिरजाला रिक्षात बसवून सगळीकडे फिरवलं. शहापुरातली देवळं, हायवेवरचे ढाबे, वाशिंदच्या चाळी. ती फोटो दाखवायची आणि तो रिक्षा चालू ठेवून वाट बघायचा. भाड्याचं नाव त्याने काढू दिलं नाही.

थंडीत म्हशाची जत्रा भरली तेव्हा गिरजा बैलबाजाराच्या तोंडाशी फोटो घेऊन उभी राहिली. पुढच्या वर्षीही राहिली. पण दुसऱ्या वर्षी लोक फोटोकडे न बघताच मान हलवून पुढे जात होते. त्यांनी तो आधी बघितलेला होता.

मग भाग्यश्रीचं लग्न ठरलं. ओमकारच्या पाठची ती. मुलगा शहापूरकडचा, घर चांगलं. भाऊ सापडेपर्यंत थांबू या, असं ती एकदा म्हणाली. दुसऱ्या दिवशी धाऊ जाऊन तारीख काढून आला. वैशाखातली.

"लग्नाला सगळी येतील," तो गिरजाला म्हणाला. "ज्यांनी ज्यांनी पोरासाठी पाय झिजवले ती पण येतील. त्यांच्या हातात कायतरी ठेवायला पायजे. आपण कोणाला साधं 'बरं केलंत' असं पण नाय बोललो."

"काय ठेवणार?" गिरजा म्हणाली.

उत्तर भाग्यश्रीने दिलं. तिने फोनवर एक व्हिडिओ काढून दाखवला. कापडाचं छोटं किचेन. तळहाताएवढं, पानाच्या आकाराचं, वरून रंगीत कापड, आतून जाड अस्तर. वरच्या टोकाला नाडी. नाडी ओढली की चाव्या आत जातात, खालचा फासा ओढला की बाहेर येतात.

"आई, तुझ्या चिंध्या हायेत ना एवढ्या. प्रत्येकाचं वेगळं व्हईल. बाजारातून आणलेल्या डब्या-वाट्यांपेक्षा बरं."

गिरजाने व्हिडिओ दोनदा बघितला. अवघड नव्हतं. ब्लाउजची कटोरी बसवणाऱ्या बाईला ते काहीच नव्हतं. बऱ्याच दिवसांनी तिने माळ्यावरून गाठोडं खाली ओढलं. जरीकाठाच्या पट्ट्या, खणाचे तुकडे, कोणाच्या तरी डोहाळेजेवणाच्या हिरव्या ब्लाउजचा कोपरा. पानं कापताना आणि जोड्या लावताना तिचा हात मोकळा झाला. भाग्यश्री बाजूला बसून नाड्या वळत होती. दोघी बोलत होत्या, होणाऱ्या सासूबद्दल, हळदीच्या साडीबद्दल. एकदा तर गिरजा हसली, आणि मग स्वतःचं हसणं ऐकून गप्प झाली.

अस्तराची मात्र पंचाईत होती. ब्लाउजपिसाचं कापड पातळ. चावीच्या दात्यांनी ते आठ दिवसांत फाटलं असतं. जाड कापड हवं होतं.

"मुरबाडवरून मीटरभर आणा," असं ती धाऊला म्हणाली होती. तो हो म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी ती शेजारून परत आली तर मशीनवर घडी करून ठेवलेलं एक निळं कापड होतं. तिने उचललं. तो ओमकारच्या कंपनीचा शर्ट होता. जाड, खिशावर कंपनीचं नाव भरलेला. तो गेला त्याच्या आदल्या दिवशी अंगातून काढून त्याने दोरीवर टाकला होता. गिरजाने तो तसाच, न धुता, पिशवीत बांधून ट्रंकेत ठेवला होता. कधीतरी, घरी कोणी नसलं की, ती पिशवी सोडून नाक आत घालायची. सगळं तोंडच घालायची.

आता त्याला निरम्याचा वास येत होता.

धाऊ ओटीवर बसला होता. ती शर्ट घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली.

"हा तुमी धुतलात?"

"कापड जाड हाय. अस्तराला चालंल."

"धुतलात कशाला?"

धाऊने पायाजवळची काडी उचलून मोडली.

"धुतलात कशाला, मी इचारते! त्यात त्याचा वास होता. तेवढाच राहिला होता माझ्याकडे. तुमाला कोणी सांगितलं होतं ट्रंक उघडायला?"

"मला दिसत नाय काय?" धाऊ खाली बघतच म्हणाला. "तू काय करतेस ते मला दिसत नाय? मागच्या दारानं आलो का तू त्या पिशवीत तोंड खुपसून बसलेली असायचीस. एकदा नाय गो, कितीदा. मला घरात पाय ठेववत नव्हता."

"म्हणून धुवायचा?"

"मग काय करायचं? पोरीचं लग्न हाय. ती सासरी जाणार, मागं तू आणि मी. तू पिशवीत तोंड घालून बसशील, मी काय करू?"

"तो आला तर?"

"आला तर नवा घेऊ."

हे त्याने इतक्या सपाट आवाजात म्हटलं की गिरजाला कळलं, याने आशा केव्हाच सोडून दिली आहे. पोलीस ठाण्यात जातो, फोन आला की धावतो, शेजाऱ्यांना येल कधीतरी म्हणून सांगतो, ते सगळं फक्त आपलं मन राखायला. तिला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. ती तिथेच खाली बसली.

शर्ट चार-पाच दिवस मशीनवर पडून राहिला. गिरजा येता-जाता तो हुंगून बघायची. निरमा, फक्त निरमा. कॉलरला नाही, काखेत नाही, कुठेच काही उरलं नव्हतं. लग्न जवळ आलं होतं. पानं कापून तयार होती. शेवटी एका दुपारी तिने कात्री घेतली आणि बाहीची शिवण उसवली. ती शिवण तिनेच घातलेली होती. कंपनीने दिलेला शर्ट सैल होता म्हणून तिने बाह्या आत घेतल्या होत्या. बाह्या, पाठ, पुढचे दोन भाग. खिसा तिने वेगळा काढून ठेवला आणि मग थोड्या वेळाने तोही कापला. भाग्यश्री दारात उभी राहून बघत होती. ती आत आली नाही.

किचेनं मात्र देखणी झाली. वरून लाल, जांभळी, मोरपंखी, आणि आतून सगळी निळी.

लग्न दारातच, मांडव घालून झालं. कानपिळीला नवरीचा भाऊ लागतो, तिथे चुलतभाऊ उभा केला. त्याने नवऱ्याचा कान धरला, लोक हसले, आणि गिरजा तेवढ्यापुरती भांड्यांच्या खोलीत जाऊन आली. जेवणं झाल्यावर धाऊने तिला मांडवाच्या तोंडाशी बोलावलं. बंधाऱ्यात उतरलेली पोरं, देवळाचा पुजारी, पोलीस ठाण्यातला एक शिपाई, शेजारच्या गावचे लोक, एकेक जण येत होता आणि गिरजा त्याच्या हातात किचेन ठेवत होती. धाऊ हात जोडत होता.

"भारी हाय गो!" बायका म्हणत होत्या. "घरी शिवलंस?" एकीने तिथल्या तिथे आपल्या कपाटाची चावी अडकवून बघितली. नाडी ओढली तशी चावी निळ्या कापडात शिरली. ती खूश झाली. गिरजा तिच्याकडे बघत राहिली.

कोणी ओमकारचं नाव काढलं नाही. चांगल्या दिवशी कशाला, असं त्यांना वाटलं असेल. पण प्रत्येक जण किचेन खिशात टाकून पाठ फिरवत होता, तेव्हा गिरजाला वाटत होतं की हा मोकळा झाला. आता रस्त्यात भेटला तर याला विचारता येणार नाही, काय कळलं का? याचे आभार मानून झाले.

शेवटी रघू आला. इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला घेऊन आसनगावहून आला होता. गिरजाने हात पुढे केला. त्याने किचेनकडे बघितलं आणि हात मागे घेतला.

"वहिनी, हे नको."

"घ्या ना भावजी. सगळ्यांना दिलं."

"नाय, मी नाय घेत. कामच झालेलं नाय तर मी काय म्हणून घ्यायचं? पोरगा घरी येल तवा द्या. मी अजून स्टँडवर नवीन माणूस दिसला का तोंड बघतो."

त्याने हे मनापासून म्हटलं. गिरजाने किचेन मुठीत आवळलं.

"तुमाला बोलायला काय जातं?" ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "तोंडं बघता आणि संध्याकाळी घरी जाता. तुमची पोरं घरात असतात. मी कापून ठेवला तो, कळलं काय? मी माझ्या हातानं कापला. आता येल येल म्हणून मला सांगू नका!"

रघूला काय कापलं ते कळलं नाही. त्याने बायकोकडे बघितलं. धाऊने गिरजाच्या हातातून किचेन काढून घेतलं आणि तिला दंडाला धरून आत नेलं. थोड्या वेळात भाग्यश्रीला निरोप द्यायचा होता. गिरजाने तोंड धुतलं आणि बाहेर आली. आईच्या गळ्यात पडून भाग्यश्री रडली, गिरजाही रडली, तेव्हा लोकांना वाटलं की आई बिचारी मुलीसाठी रडते आहे.

पावसाळ्याच्या तोंडाशी पोलीस ठाण्यातून फोन आला. घाटाखालच्या दरीत एक मयत मिळालं होतं. वय साधारण तेच, उंची तीच. चेहरा ओळखण्यासारखा नव्हता. सरकारी दवाखान्यात येऊन बघा, म्हणाले. ओमकारच्या डाव्या पायावर लहानपणी विळा लागल्याची खूण होती. धाऊने ती आधीच लिहून दिलेली होती. या मयताच्याही पायावर काहीतरी होतं, पण नक्की सांगता येत नव्हतं.

दोघं गेले. शवागाराच्या माणसाने नाकाला लावायला कापूर दिला. चादर फक्त पायावरून बाजूला केली. पाय काळवंडलेला, सुजलेला होता. घोट्याच्या वर एक आडवी रेघ होती. विळ्याची असेल. दगडाची असेल.

गिरजा बघत राहिली. तिच्या डोक्यात अगदी शांतपणे आलं की हो म्हणावं. हाच म्हणावं. मग घरी नेतील, आंघोळ घालतील, गाव जमेल, दहावं होईल, तेरावं होईल. रडून घेता येईल. फोन वाजला की छातीत काही व्हायचं नाही. तिने तोंड उघडलं.

"नाय," धाऊ म्हणाला. "आमचा नाय हा. आमच्या पोराची खूण तिरकी होती, आणि खाली होती."

सोबत आलेल्या पोलीस शिपायाने मान हलवली आणि चादर ओढून घेतली.

परत येताना दोघं एसटीत शेजारी बसले. मुरबाड मागे पडल्यावर गिरजा म्हणाली, "मी हो बोलणार होते."

"ठाऊक हाय," धाऊ म्हणाला. "म्हणून मी आधी बोललो."

"बोलू द्यायचं होतं."

"त्याची पण कोणतरी आई असंल."

"असू दे," गिरजा म्हणाली. "असू दे, असू दे."

ती हे म्हणतच राहिली. पुढच्या सीटवरची बाई वळून बघू लागली. धाऊने तिचा हात धरला नाही. तो खिडकीला डोकं टेकून बसला आणि गाव येईपर्यंत त्याचे खांदे हलत होते. ओमकार गेल्यापासून गिरजाने त्याला रडताना कधी बघितलं नव्हतं. तिला त्याची कीव यायला हवी होती. पण तिच्या मनात काहीच आलं नाही. फाट्यावर गाडी थांबली तेव्हा ती उठली, त्याच्यासाठी न थांबता खाली उतरली आणि चिखलातून घराकडे चालू लागली.