चोळी-बांगडीचा तुकडा

पडेगावच्या कडूबाला वकील बदलायची हौस नव्हती. साधी म्हैस बदलायची तरी तो चार बाजार हिंडायचा. पण त्या आषाढात त्यानं पहिला वकील सोडला, दुसरा धरला आणि त्याचं कारण घरात सरूबाईलाही सांगितलं नाही. बायकोला सांगण्यासारखं कारण असतं तर सांगितलं नसतं का?

भानगड होती विहिरीकडच्या तुकड्याची. शहर दौलताबादच्या रस्त्यानं सरकत सरकत पडेगावाला येऊन टेकलं होतं. प्लॉट पाडणाऱ्या एका माणसानं त्या तुकड्याचा असा भाव सांगितला, की कडूबाचा घास हातातच राहिला. सातबारा त्याच्याच नावावर होता. बाप वारला तेव्हा तलाठ्यानं मुलाचं नाव लावलं, मुलीचं कोणी विचारलं नाही. पण गावात त्या तुकड्याला कडूबाचं रान कोणी म्हणत नसे. म्हणत, ‘चतुराची चोळी-बांगडी’.

चतुराबाई ही कडूबाची थोरली बहीण. निजामावरची पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं. रझाकारांच्या धामधुमीत घरातलं सगळं किडूकमिडूक गेलेलं. बापाकडं पोरीच्या गळ्यात घालायला फुटका मणी नव्हता. तो भर मांडवात उभा राहिला आणि सोयऱ्यांसमोर म्हणाला, “दागिना नाय. पण विहिरीकडचा तुकडा माझ्या पोरीच्या चोळी-बांगडीचा. पिकवील माझा लेक, लेईल माझी लेक.” लिहून कोणी घेतलं नाही. मांडवातला शब्द कागदावर मागायचा म्हणजे बापाला खोटं पाडायचं.

तेव्हापासून दर साली, नागपंचमीच्या आधी, त्या तुकड्याच्या पिकातून एक खण आणि बांगड्यांचा जोड कन्नडच्या पलीकडं चतुराबाईच्या सासरी जायचा. आधी बाप घेऊन जायचा, मग कडूबा. उरलेलं पीक कडूबाच्याच कणगीत पडायचं. त्याबद्दल चतुराबाईनं कधी ब्र काढला नाही. तिला खण पोचला की पोचलं सगळं. शेजारपाजारच्या बायकांना ती तो उलगडून दाखवायची. ‘माझ्या माहेरचा’ म्हणताना तिची मान जरा ताठ व्हायची, एवढाच काय तो तिचा माज.

तर असा तुकडा विकायचा म्हणून कडूबा आधी शहरातल्या छावणी भागात गयास वकिलांकडं गेला. म्हातारा माणूस. पोलीस ॲक्शनच्या आधीचे जमिनींचे कागद उर्दूत, ते वाचणारे उरले थोडे, म्हणून आसपासच्या गावांतली माणसं त्यांच्याकडंच जात. कडूबाला वाटलं, काम सोपं आहे. त्यांनी पहिलाच सवाल केला, “बहिणी किती?”

“एक.”

“तुकडा कोण खातं?”

कडूबानं भोळेपणानं सगळं सांगितलं. मांडवातला शब्द सांगितला, खण सांगितला, बांगड्यासुद्धा सांगितल्या. गयास वकिलांनी चष्मा काढला.

“पाटील, कागद नसला तरी बहीण वारस आहे. आणि दर साली खण धाडून तुम्ही स्वतःच कबूल करता, की तुकड्यात तिचा हक आहे. तिला घेऊन या. तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी शाई उघडत नाही. झूठ बोलून कागद होतो, टिकत नाही.”

“आक्का काय नाय म्हणायची नाय हो.”

“मग आणायला काय हरकत आहे?”

हरकत काय होती, ते कडूबाला पुरतं ठाऊक होतं. आक्का नाही म्हणाली नसती. म्हणाली असती, “विक बाबा, तुझंच हाय.” आणि तिच्या तोंडाकडं पाहत विकायची छाती कडूबात नव्हती. माणसाला लुटायला एक धीर लागतो; त्याच्याकडून मागून घ्यायला त्याच्या दुप्पट लागतो.

वकिलापासून आणि वैद्यापासून काही लपवू नये म्हणतात. कडूबा गयास वकिलांकडून शिकायचं ते उलटंच शिकला. कोर्टासमोरच्या गल्लीत आप्पासाहेब नावाचा नवा, तरतरीत वकील बसायचा. त्याच्याकडं गेल्यावर ‘बहिणी किती’ या सवालाला कडूबानं खाली बघून उत्तर दिलं, “नाय.” बिचाऱ्या आप्पासाहेबाचा काही दोष नव्हता. अशिलानं सांगितलं, त्यानं लिहिलं.

राहिला खण. दर साली खण धाडणं म्हणजे कबुली, हे कडूबाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्या साली त्यानं खण घेतलाच नाही. सरूबाईनं विचारलं, तर म्हणाला, “धाडला एकाच्या हाती.” बाजारात कापडवाल्यानं हाक मारली, तर तो रस्ता ओलांडून पलीकडून गेला. खण न घेतल्याचं ओझं खणापेक्षा जड असतं, हे त्याला तेव्हा कळलं. पण तुकड्याचा भाव आठवला, की तो पुढं चालू लागे.

पंचमी तोंडावर आली. आप्पासाहेबानं प्रतिज्ञापत्र तयार ठेवलं होतं. कडूबाला समोर बसवून त्यानं वाचून दाखवलं: मयतास मी एकुलता एक मुलगा असून, माझ्याशिवाय दुसरा कोणीही कायदेशीर वारस नाही. कडूबानं मान हलवली. आणि तेवढ्यात दारातून हाक आली.

“कडूबा? हितं हाय का रं?”

दारात चतुराबाई उभी होती. कन्नडची एसटी पकडून ती आधी पडेगावला उतरली होती. सरूबाईनं सांगितलं, की ते वकिलाकडं गेलेत. खेड्यातल्या माणसाला वकील म्हणजे संकटच. पाणीसुद्धा न पिता ती बगलेत गाठोडं धरून, विचारत विचारत कोर्टापर्यंत आली होती. घामानं तिचं कुंकू ओघळलं होतं.

“या बाई,” आप्पासाहेब म्हणाला. मग कडूबाकडं वळला. “ह्या कोण?”

कागद मधे टेबलावर पडला होता. चतुराबाईनं सांगायला तोंड उघडलंही होतं. तिच्या आधी कडूबाच बोलला.

“गावाकडच्या हायेत. वळखीच्या.”

चतुराबाईनं त्याच्याकडं पाहिलं. लहानपणी आंबे चोरून आला की ती असंच पाहायची, आणि मग बापाला सांगायची, आंबे मीच काढले. तिनं पदर सावरला.

“व्हय साहेब,” ती म्हणाली. “वळखीची हाय. मी भाईर बसते.”

आणि ती खरंच बाहेर बाकावर जाऊन बसली. कडूबाला वाटलं, आत्ताच्या आत्ता या फरशीनं आपल्याला पोटात घ्यावं. पण फरशीला काय पडलंय? आप्पासाहेबानं बोट ठेवलं तिथं त्यानं सही केली, अंगठाही दिला. पुढची शपथ कोर्टातल्या साहेबासमोर घ्यायची होती आणि साहेब जेवायला गेले होते. “तोवर चहा घेऊन या,” आप्पासाहेब म्हणाला.

कडूबा बाहेर आला. चतुराबाईनं सरकून त्याला जागा दिली आणि हळूच विचारलं, “काय लफडं झालं रं? कोण नडलंय तुला?”

“कोण नाय.”

“नको सांगू. पर मला तवाच कळलं. पंचमी आली तरी खण नाय आला. म्हनलं, आमच्या कडूबाचं कायतरी वाईट झालं. एकतर दुखनं, नायतर कोर्ट. त्याबिगर तो इसरायचा नाय.”

कडूबाला तिच्याकडं बघवेना. तिनं गाठोडं सोडलं. वर भाकरी होत्या, शेंगदाण्याची चटणी होती. खालून तिनं घडी घातलेला एक खण काढला. कडूबानं तो ओळखला. मागच्या साली त्यानंच नेऊन दिला होता. त्याची चोळी शिवायचीच राहिली होती.

“ह्यो घे,” ती म्हणाली.

“मला कशाला?”

“आरं, औंदा तुझ्याकडं अडचन हाय ना? मग नवा कामून घेतो? ह्योच तू मला दे. तुझ्या हातानं दे. मंजी मला खोटं बोलाया नाय लागायचं. घरी जाऊन सांगीन, भावानं दिला. बायका वाटंकडं डोळे लावून बसल्या असतील.”

तिनं खण त्याच्या हातात ठेवला आणि स्वतः पदर पसरला. कोर्टासमोरच्या त्या बाकावर, वकील, दलाल, चहावाले येत-जात असताना, ती भावाकडून चोळी घ्यायला पदर पसरून बसली होती. तिचाच खण, तिच्याच रानाचा.

कडूबानं खण दोन्ही हातांत घट्ट धरला. चतुराबाईला त्याच्या अंगठ्याची निळी शाई दिसली. “खणाला डाग पडंल रं,” म्हणत तिनं पसरलेल्या पदरानंच त्याचा अंगठा पुसला. लहानपणी शेंबूड पुसायची तसा, जोर लावून. शाई निघाली नाही, पदराला मात्र लागली.

मग कडूबाचा बांध फुटला. तो उठला आणि तरातरा आत गेला.

“वकीलसाहेब, तो कागद फाडा. ती माझी सख्खी बहीण हाय.”

आप्पासाहेबानं त्याच्याकडं पाहिलं, मग दाराबाहेर बाकाकडं पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. “आणि मी तिलाच बाहेर बसू दिलं,” तो म्हणाला. त्यानं कागदाचे तुकडे केले. “कडूबा, राग मानू नका. पण माझ्या तोंडावर बहीण नाकारली तुम्ही. तुमचं काम आता माझ्याच्यानं व्हायचं नाही. दुसरा वकील बघा.”

बघायचं तर काय होतं? कडूबा बहिणीला रिक्षात बसवून छावणीत घेऊन गेला. वाटेत त्यानं तिला सगळं सांगितलं. तुकडा सांगितला, भाव सांगितला, कागद सांगितला. सांगताना त्याचं तोंड रस्त्याकडं होतं. तिनं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, “मला वाटलं, तू आजारी हाय.”

गयास वकिलांनी दार उघडलं. कडूबा मान खाली घालून म्हणाला, “तुकडा तिच्या नावावर करायचाय. मग ती ठेवंल नायतर विकंल, तिचं ती बघंल.”

गयास वकिलांनी हात वर केला. “थांबा, पाटील. मी आधी त्यांच्या तोंडून ऐकणार.” त्यांनी चतुराबाईला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि अदबीनं विचारलं, “बाई, तुम्ही यांच्या कोण लागता?”

साधा सवाल होता. चतुराबाईनं आधी कडूबाच्या तोंडाकडं पाहिलं; या वकिलापाशी काय सांगायचं असतं, ते ती त्याला डोळ्यांनी विचारत होती.