चौकटी बदलाव्या लागतील

लॉर्ना विकेटच्या मसुद्यातला एक शब्द तिच्या साहेबाने, डेल्बर्टने, लाल पेनाने उडवला आणि तिचं डोकंच फिरलं. सफरचंदाचा रस काढणाऱ्यांसाठी वॉशिंग्टनच्या सरकारी अन्नखात्याकडून निघायचं मार्गदर्शनपत्र होतं ते. ‘चरकाच्या लाकडी चौकटी बदलाव्या लागतील,’ असं तिने ठणकावून लिहिलं होतं.

“‘लागतील’ चालायचं नाही, लॉर्नाबाई,” डेल्बर्ट म्हणाला. “कायदा केलाय का आपण? ‘बदलाव्यात, असं सुचवतो’ एवढंच. आणि पत्र महत्त्वाचं आहे, म्हणजे आधी लोकांपुढे ठेवायचं, त्यांचं ऐकायचं, मग सही.”

“अहो, तो रस पिऊन पोरं आजारी पडतायत! नुसतं सुचवल्यावर कोण भीक घालणार?”

“नियम आहे गं.”

झालं! धुसफुसतच ती व्हरमाँटला गेली. गावच्या सभागृहात रसवाले जमले होते, कॉफी होती, गरम डोनट होते. पत्र वाचून झालं तशी हेस्टर थिबोडो उठली. आजोबांचा चरक ती अजून चालवत होती.

“एक सांग, नाही बदलल्या तर काय करशील?”

दंड होईल, असं मोघम पुटपुटली असती तरी निम्म्या लोकांनी मुकाट्याने ऐकलं असतं. लॉर्नाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने ते गिळलं.

“काही नाही. हा हुकूम नाही. दंडही नाही.”

“चला, सुटलो!” कुणीतरी हसत टोपी उचलली. लॉर्नाला वाटलं, संपलं सगळं!

हेस्टर मात्र हलली नाही. “मग एवढ्या लांब कशाला तडफडलीस?”

“लाकडाच्या भेगांत घाण राहते, ब्रश तिथे पोचत नाही. मागच्या हंगामात एक पोरगी रस पिऊन मरता मरता वाचली. मी भेटले तिला. रसवाला बिचारा तिच्या खाटेशी बसून रडत होता. रोज घासायचो हो, म्हणत होता.”

टोपीवाला दारातच थांबला.

“नाव काय पोरीचं?” हेस्टरने विचारलं.

“मेबल.”

“आता बरी आहे?”

“शाळेत जाते. दंगा करते म्हणे.”

हेस्टरने नाक पुसलं. “उद्या काढते चौकटी. जड आहेत मेल्या. थांबशील का हात लावायला?”

“थांबते की!” लॉर्ना म्हणाली. आपल्या नोकरीचा तिला इतका आनंद कधीच झाला नव्हता.