देहरीवरचा निषाद

"बिहागात कोमल निषाद? काका, हे अगदी नाटकातलं झालं हो!" पेटीवरचा तो सूर ऐकून उत्कर्षा गाता गाता थांबून हसली.

धायरीच्या तिच्या नव्या फ्लॅटमध्ये तालीम चालली होती. सकाळी कंपनीचे कॉल, दुपारी रियाज, संध्याकाळी मैफल. पोरगी गुणी, त्यात वाद नाही. पण दीनानाथांचा पेटीच्या भात्यावरचा हात थांबला.

नाटकातलंच होतं ते! तेहेतीस वर्षांपूर्वी त्यांनीच एका संगीत नाटकासाठी ही चाल बांधली होती. नायिका उंबरा ओलांडते, त्या शब्दावर मुद्दाम ठेवलेला तो कोमल निषाद. नाटक नऊ प्रयोगांत पडलं. पदाला एकदाही वन्स मोअर नाही. पण चाल काही जिवाला स्वस्थ बसू देईना. मग त्यांनी उंबऱ्याची 'देहरी' केली, पदाची बंदिश केली आणि सुहासिनीबाईंकडे नेली. बाई मैफलीत गाणाऱ्या, मोठ्या सोवळ्याच्या. नाटकात पेटी बडवणाऱ्याची चीज त्या कशाला गातील? म्हणून यांनी थाप मारली, "माझ्या गुरुजींच्या गुरूंकडची आहे. जुनी."

मारली ती मारली. बाई शेवटपर्यंत ती बंदिश गायल्या, फक्त तो निषाद त्यांनी शुद्ध करून घेतला. त्यांचं नाव निघालं की लोकांना आधी तीच आठवायची. बाईंना जाऊन आज वर्ष झालं होतं, आणि संध्याकाळी त्यांच्या स्मृतीची मैफल होती; उत्कर्षा तीच बंदिश गाणार होती, पेटीवर दीनानाथ.

"उत्कर्षा," दीनानाथांनी घसा खाकरला, "ही बंदिश माझी आहे गं. आज निवेदनात माझं नाव घ्यायला सांगशील? एकदाच."

तिने बाईंचं छापील पुस्तक पुढे केलं. 'पारंपरिक. दीनानाथ यांच्याकडून मिळालेली जुनी चीज.'

"तुम्हीच तर बाईंना सांगितलंत, काका. आणि इथे स्वरलिपीत निषादही शुद्धच आहे."

"खोटं बोललो होतो मी."

ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "आता बाई नाहीत हो विचारायला. लोक म्हणतील, बाई गेल्यावर काकांना बंदिश सुचली."

पुणं आहे हे, म्हणतीलच. दीनानाथांनी पुस्तक मिटून परत दिलं.

संध्याकाळी हॉल भरला होता. निवेदक म्हणाला, "शंभर वर्षांपूर्वीची ही पारंपरिक बंदिश." टाळ्या पडल्या. 'देहरी' जवळ आली तसं दीनानाथांचं बोट आपसूक कोमल निषादावर गेलं. पण साथीदाराने गायकाला सोडायचं नसतं. त्यांनी बोट उचललं आणि तिच्याबरोबर शुद्ध निषाद वाजवला. पोटच्या पोराला परक्याच्या नावाने हाक मारावी तसं त्यांना झालं.

बंदिश संपली आणि मागून कुणी म्हातारा ओरडला, "वन्स मोअर!" मैफलीत असं ओरडतात का? पुढच्या रांगेने माना वळवून पाहिलं. उत्कर्षाने मात्र हसून दीनानाथांना पुन्हा सुरू करायची खूण केली.

त्यांनी भाता ओढला. देहरी आली, आणि त्यांनी पुन्हा शुद्ध निषादच वाजवला.